उलटं बसवलेलं दार

आयुष्यात मी नवस पुष्कळ बोलले. बरेचसे फेडले, काही देवानेच माफ केले असतील. पण एक नवस मी अजून रोज फेडते आहे, आणि तो संपणाऱ्यातला नाही. दिवा जरा इकडे सरकव पोरी, आणि पाय वर घेऊन नीट बस. प्रवासाने तुझे डोळे मिटायला आलेत, हे दिसतंय मला. पण आज तू धाकटीच्या खोलीत झोपणार, तेव्हा एवढं तुझ्या कानावर घालायलाच हवं.

धाकटी म्हणजे तुझी धाकटी आत्या, माझ्या पाठची. तू लहान होतीस तेव्हा तुझ्या बाबाने तुला सांगितलं असेल की आत्या हवापालटाला गेली आहे. इतकी वर्षं कुणी हवापालट करतं का गं? पण तेव्हा लोक असंच काहीतरी सांगून मोकळे व्हायचे. ती मनोरुग्णालयात होती. कुणाचं काळीज आजारी पडतं, कुणाचे गुडघे, तसं तिचं मन पडलं होतं.

मी तिला भेटायला जायची. जुनी इमारत, लांबच लांब बोळ, दोन्हीकडे खोल्या, आणि प्रत्येक दाराला बाहेरून कडी. आतून काही नाही, साधी मूठसुद्धा नाही. फिनेलचा वास असा की घरी येऊन कपडे धुतले तरी नाकातून जायचा नाही. आणि त्या कड्यांचा आवाज... खाड्कन. आतलं माणूस झोपलेलं असो, अंघोळ करत असो, गुडघ्यात डोकं घालून रडत असो. खाड्कन कडी, आणि कुणीतरी आत.

एकदा मी तिचे केस विंचरत होते. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "ताई, इथं दार कुणी वाजवत नाही गं."

तेवढंच. जेवण कसं, औषधं कशी, माणसं कशी, कशाचीच तक्रार नाही. फक्त ते.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि बोलले. म्हटलं, देवा, माझ्या बहिणीला अशी खोली दे की लोक दार वाजवतील आणि ती 'या' म्हणेपर्यंत बाहेर थांबतील. मीही आजपासून कुठलंही मिटलेलं दार वाजवल्याशिवाय उघडणार नाही. उत्तराची वाट बघेन. आत कुणी नसलं तरी एक दीर्घ श्वास घेण्यापुरती थांबेन.

तुझ्या काकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, मला कमी चिडवलं का तेव्हा? "अगं, फडताळालाही विचार बाई. डबे कपडे बदलत असतील." मी फडताळही वाजवायला लागले, तेव्हा त्यांचं हसणं जरा कमी झालं. पुढे पुढे तर मी न्हाणीघरासमोरून नुसती गेले तरी आतून ओरडायचे, "या, या मंडळी! पाणी गरम आहे!"

देवाने ऐकलं. पण त्याची तऱ्हा बघ, नवस बोलले मी आणि कामाला जुंपली माझ्या सुनेला. ती इमारतींचे आराखडे काढते, तुला ठाऊकच आहे. जुनं रुग्णालय पाडून नवं बांधायचं ठरलं आणि काम नेमकं तिच्या ऑफिसकडे आलं. पहिल्या दिवशी काय केलं असेल तिने? मापं घेतली नाहीत, फोटो काढले नाहीत. वॉर्डातल्या एका रिकाम्या खाटेवर जाऊन आडवी झाली. घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. म्हणाली, "आई, तिथं पडल्या पडल्या एक ट्यूबलाइट दिसते आणि दाराची फट. दुसरं काही नाही. मी चांगली धडधाकट, तरी जेवणाच्या वेळेपर्यंत मला रडू फुटलं."

मग तिने तिथल्याच बायकांना आणि बाप्यांना गोळा केलं, कागद पसरले आणि म्हणाली, तुम्ही सांगा, मी काढते. धाकटी सगळ्यांच्या पुढे. खाटेवरून झाड दिसलं पाहिजे, पण दारही दिसलं पाहिजे, म्हणजे कोण येतंय ते आधी कळेल. बोळ कुठेही भिंतीवर जाऊन आदळता कामा नये, फिरत फिरत अंगणातच यायला हवा. प्रत्येक दाराबाहेर एक बाक हवा. "कशाला?" सुनेने विचारलं. धाकटी म्हणाली, "जो थांबेल त्याला बसायला." आणि रस्त्याच्या अंगाला भिंत नकोच, मोठी ओसरी हवी. तिथे पुस्तकं, शिवणयंत्रं, गल्लीतल्या कुणीही यावं, बसावं.

गल्ली आधी फार कुरकुरली. समोरचा दुकानदार सुनेला म्हणाला, "बाई, भिंत वाढवायची सोडून तुम्ही पाडताय?"

ती म्हणाली, "काका, आतल्या लोकांनाही तुमची भीती वाटते. त्यांनाही मी हेच समजावतेय."

आज त्या दुकानदाराची बायको तिथल्या शिवणवर्गाला जाते आणि तिला शिकवते कोण? तुझी धाकटी आत्या. म्हणून तर ती आज घरी नाही. वर्ग असला की मुक्कामाला तिथेच राहते, पाहुण्यासारखी. पण मी पुढचं आधी सांगायला लागले.

जुनं सगळं पाडायचं होतं. बोळाच्या टोकाला एक खोली होती, आरडाओरडा करणाऱ्या माणसाला एकटं कोंडायची. सुनेच्या आराखड्यात सर्वांत आधी तिच्यावरच फुली होती. धाकटीने तिचा हात धरला. "ती नको पाडू. ती अजून बाहेर नाही आली."

सुनेला वाटलं, ही जुन्या आठवणींबद्दल बोलतेय. मलाही तसंच वाटलं. मग सुनेने ती खोली राखली, तिला मोठी खिडकी केली, फिकट पिवळा रंग दिला, बुटकी खाट ठेवली आणि नाव दिलं निवांत खोली. ज्याला गलबला नको वाटेल त्याने आपल्या पायांनी जावं, हवं तेवढं बसावं. आणि दार तिने जुनंच वापरलं. चांगलं जाडजूड लाकूड होतं. काढलं, पुसलं, पॉलिश केलं आणि उलटं फिरवून बसवलं. मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेली.

"बघा आई, तीच कडी. पण आता आतून. लावायची का काढायची, ते आतला माणूस ठरवणार." अडीअडचणीला बाहेरून अख्खं दार उचलून काढता यावं अशा बिजागऱ्याही तिने करून घेतल्या होत्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती चांगला विचार, म्हटलं. दार उलटं केलं की त्याची दुसरी बाजूही बाहेर येते, हे मात्र आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

नव्या इमारतीत धाकटीला खोली मिळाली. लोक दार वाजवायचे. ती कधी "या" म्हणायची, कधी "आत्ता नको", आणि लोक खरंच परत जायचे. त्या "आत्ता नको"ने तिला औषधाइतकाच गुण दिला, असं मला वाटतं. गोळ्या चालू होत्या, झोप लागत होती, अंगावर मूठभर मांस चढलं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घरी न्यायला हरकत नाही.

मी तिची निळी शाल आणि रिकामी पिशवी घेऊन दुपार कलता कलता गेले. ओसरीवर शिवणयंत्रं चालली होती, अंगणात दोघीजणी शेंगा सोलत एकमेकींची थट्टा करत होत्या. मी धाकटीचं दार वाजवलं. "ये ताई." आत गेले तर ती खाटेच्या कडेला बसलेली. सामान बांधलेलं, पण चेहरा घरी निघालेल्या माणसाचा नव्हता.

"चल, उठ," मी म्हटलं. "तुझे भावजी घरी दाराकडे डोळे लावून बसलेत."

"टकटकबाईंना सांगितल्याशिवाय कशी येऊ?"

"कोण गं टकटकबाई?"

मग तिने सांगितलं. जुन्या इमारतीत तिची खोली त्या टोकाच्या खोलीला लागून होती. पलीकडून दार वाजवल्याचा आवाज यायचा. टक्... टक्... असा हळू, जसं कुणी पाहुणं माणूस घरच्यांची झोपमोड नको म्हणून वाजवतं. पण ते वाजवणं आतून होतं. बाहेर सोडा म्हणून. बोळातून जाणारी वॉर्डातली मावशी, म्हणजे आया, जाता जाता म्हणायची, "थांब, येते." आणि पुढे निघून जायची. मावशी वाईट नव्हती गं. एवढ्या खोल्या, एकटी बाई. पण रोज तेच. टक्... टक्... "थांब, येते." धाकटी मग आपल्या बाजूने भिंतीवर बोट वाजवायची, निदान कुणीतरी ऐकतंय एवढं तिला कळावं म्हणून. तिकडून उत्तर यायचं. त्या पलीकडच्या बाईचा चेहरा कुणी पाहिला नव्हता, म्हणून सगळ्यांनी टकटकबाई हे नाव पाडलं होतं. मग एके दिवशी आवाज थांबला. धाकटीने विचारलं, तर मावशी म्हणाली, "कोण? ती खोली रिकामीच असते की."

"आता त्या नुसत्या बसून असतात," धाकटी म्हणाली. "आतून कडी लावून. बरं वाटतं त्यांना."

मी हातातली शाल खाटेवर ठेवली. "हे तू... आणखी कुणाला सांगितलंस?"

"डॉक्टरीणबाईंना. त्यांनी सकाळी विचारलं, निघायला काही अडचण आहे का. खोटं कशाला बोलू?"

तेवढ्यात दार वाजलं. डॉक्टरीणबाईच होत्या. तरुण, मऊ बोलणारी पोर. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काकू, घाई नको करू या. आणखी थोडे दिवस ठेवून घेऊ. गोळ्या जरा बदलून बघू."

हे 'थोडे दिवस' मी ओळखते, पोरी. असेच थोडे थोडे दिवस करत माझ्या बहिणीची उमर गेली होती. मी धाकटीकडे पाहिलं. ती बांधलेल्या सामानाची गाठ निमूटपणे सोडायला लागली होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तिला निरोप घ्यायचाय, घेऊ द्या. मी जाऊन दार वाजवते."

"रिकामी खोली आहे हो काकू ती."

"रिकामी असली तरी वाजवते. माझा नवस आहे."

त्या थकल्यासारख्या हसल्या. "चला. मीही येते. एकदा उघडून दाखवलं की त्यांचंही समाधान होईल."

आम्ही तिघी निघालो. ऊन अंगणातून वर सरकून कौलांवर गेलं होतं. शिवणयंत्रांचा आवाज मागे राहिला, मग शेंगांवालींचं हसणं. वळण घेतलं आणि एक झाड आलं, निवांत खोलीवर वाकलेलं. तिथे वारा नव्हता. नव्या रंगाचा वास येत होता, आणि दाराजवळ गेल्यावर त्याच्या खालून दुसरा एक वास वर आला. फिनेलचा. त्या इमारतीत फिनेल वापरत नाहीत, सुनेने हट्टाने बंद करवलंय.

डॉक्टरीणबाईंनी दार ढकललं. हललं नाही.

"वाजवा आधी," मी म्हटलं, आणि पुढे होऊन वाजवलं.

टक्... टक्...

माझी बोटं लाकडात गेली. म्हणजे लाकूड मऊ नव्हतं. तिथे एक खळगा होता, गुळगुळीत, वाटीएवढा, बरोबर बोटांची पेरं बसतील असा. पॉलिश केलेलं होतं म्हणून आधी दिसला नाही. मी खाली पाहिलं. गुडघ्याच्या उंचीवर आणखी एक होता, जास्त खोल. उभं राहवेना तेव्हा बसून वाजवत असणार.

तेव्हा मला उमगलं. ही जी बाजू माझ्यासमोर होती, ती एके काळची आतली. जिथे उभं राहून ती वाजवायची, तिथे आता मी उभी होते.

आणि आतून आवाज आला. खरखरीत, खूप दिवस न वापरलेला. त्यात राग नव्हता.

"थांब... येते."

डॉक्टरीणबाईंचा हात दारावर होता तो तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. धाकटी जमिनीकडे बघत होती.

"आत... सिस्टर असतील कुणीतरी..."

"सगळ्या ओसरीवर आहेत," धाकटी हळूच म्हणाली.

"दार उचलून काढता येतं. मी कुणाला तरी बोलावते..."

"नको," मी म्हटलं. "थांब म्हणाल्यात ना. थांबू या."

आम्ही बाकावर बसलो. मी देवाचं नाव घ्यायला लागले. अंगणातले दिवे एकेक लागले. आमच्या डोक्यावरचा लागला नाही. बाकीचं काहीच झालं नाही गं. तेच तर. नुसतं थांबणं. हाच शब्द, याच लाकडासमोर, तिला किती संध्याकाळी ऐकावा लागला असेल, आणि 'येते' म्हणणारी कधी आलीच नाही. हे मनात आलं आणि भीती हळूहळू ओसरली. म्हटलं, बाई गं, हव्या तेवढ्या वेळाने ये. आम्ही कुठे जात नाही.

फिनेलचा वास विरत गेला. मग आतून कडी सरकली. खाड्कन नाही. सावकाश... दमादमाने...

"या."

धाकटीने दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. पिवळी भिंत, खिडकी, खिडकीत झाड. खाटेवरची चादर ताणून घातलेली, फक्त कडेशी एकच खोलगा, कुणी बसून उठावं तसा, आणि आमच्या डोळ्यांसमोर गादी तिथे हळूहळू वर आली.

धाकटी सरळ आत गेली, डाव्या भिंतीपाशी उभी राहिली आणि बोटाने वाजवलं. जुनी तिची खोली त्या भिंतीपलीकडेच होती. आता तिथे मोकळं अंगण आहे, नुसती माती आणि फुलझाडं. पलीकडून उत्तर आलं.

टक्... टक्...

"चल ताई," धाकटी वळून म्हणाली. तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. "झाला निरोप."

डॉक्टरीणबाई उंबऱ्याच्या आत आल्याच नाहीत. ओसरीवरच्या उजेडात आल्यावर रोजच्या आवाजात म्हणाल्या, "गोळ्या चुकवायच्या नाहीत. महिन्याने दाखवायला यायचं." मग धाकटीकडे वळून आवाज खाली आणला. "आणि तो आवाज फक्त तुम्हालाच येतो, असं मी कुठेही लिहिणार नाही. जा घरी."

तेव्हापासून तिथे डॉक्टरसुद्धा रिकाम्या खोल्या वाजवतात म्हणे. धाकटीचं म्हणशील, तर आता छान आहे. गोळ्या घेते, टाके घालायला शिकवते, माझ्याशी भांडते. देवाची कृपा.

आता तुझ्या खोलीबद्दल. धाकटी घरी आली तेव्हा तिच्या खोलीला आम्ही कडी लावली ती फक्त आतून. ती पहिल्यांदा वर्गासाठी तिकडे राहायला गेली, त्या संध्याकाळी मी तिचे घडी केलेले कपडे ठेवायला निघाले. सवयीने वाजवलं. श्वास घेतला. आतून आलं, "थांब... येते." मी हातात कपडे घेऊन उभी. बाहेरच्या खोलीतून तुझे काका विचारतात, "कुणासाठी थांबलीस गं?" मी म्हटलं, थांबलेय एवढंच खरं. आता तेही थट्टा करत नाहीत. वाजवतात आणि थांबतात. टकटकबाईने कधी कुणाला दुखवलं नाही. कधी उशीर लावते, कधी लगेच 'या' म्हणते.

फक्त एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. ते दार नवं आहे, सुनेने गेल्या वर्षीच करून दिलंय. बाहेरच्या बाजूने बोटं फिरवून बघ, लाकडात बारीकसा खळगा पडायला लागलाय. माझ्याच वाजवण्याने असेल, असं मी म्हणते. पण तो गुडघ्याच्या उंचीवर आहे.

जा आता, दमली आहेस. अंथरूण मी दुपारीच घातलंय आणि दार स्वतः ओढून घेतलंय, आत कुणी नाही. तरी आधी वाजव. बाहेर स्टूल ठेवलंय तुझ्यासाठी. आतून थांब म्हणाली तर बॅग खाली ठेव, ढकलू नकोस, बस. आणि उद्या आपल्या घरी परतलीस की तिथेही असंच कर पोरी, प्रत्येक मिटल्या दाराला, माझ्यासाठी नाही तर तिच्यासाठी. करशील ना एवढं?